‘हार्दिक’मधली वेलांटी कुठे गेली?

दिवाळी आठवड्यावर आलेली असते. घरातल्या संगणकावर कुणी हौसेने ब्लेंडर हे त्रिमितीय ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडलेलं असतं आणि मनात एकच छोटं दृश्य असतं: अंधारातून एक पणती पुढे येते, तिच्या उजेडात सोनेरी, जाडजूड, त्रिमितीय अक्षरं उजळतात, ‘हार्दिक शुभेच्छा’. पणती जमते, ज्योतही थरथरते. मग अक्षरं टाकली जातात आणि पडद्यावर भलतंच काही उमटतं. ‘र’वरचा रफार चढतच नाही, त्याऐवजी ‘र’ पाय मोडून तसाच उभा राहतो. ‘द’ची वेलांटी ‘द’ला सोडून पुढच्या ‘क’च्या गळ्यात पडते. ‘शुभेच्छा’तला ‘च्छ’ सुटा होऊन दोन तुकड्यांत विखुरतो. टाइप करणाऱ्याने सगळं बरोबर टाइप केलेलं असतं. तेच शब्द वर्डमध्ये चिकटवले तर अगदी सरळ दिसतात.

मराठीत ॲनिमेशन करू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक हौशी माणसाने ही ठेच खाल्लेली आहे. पहिल्या वेळी वाटतं, फॉन्ट खराब आहे. मग दुसरा फॉन्ट उतरवला जातो, तिसरा, चौथा. दोन संध्याकाळी अशाच जातात. दोष फॉन्टचा नसतोच.

युनिकोडमध्ये देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. ‘दि’ म्हणजे आधी ‘द’, मग ऱ्हस्व वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी ‘द’च्या आधी दिसायला हवी. ‘र्द’ म्हणजे ‘र’, हलंत चिन्ह, मग ‘द’, पण छापताना त्या ‘र’चा रफार होऊन तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसायला हवा. साठवलेल्या क्रमातून दिसणारा आकार घडवण्याचं काम एक वेगळी यंत्रणा करते. फॉन्टच्या आत लिहिलेले जोडाक्षरांचे नियम वाचून ती अक्षरं हलवते, जोडते, बदलते. ब्राउझरमध्ये आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये ही यंत्रणा असते. ब्लेंडरच्या अनेक आवृत्त्यांमध्ये मजकुराची वस्तू बनवताना ती वापरलेलीच नव्हती. प्रत्येक चिन्ह साठवलेल्या क्रमाने एकामागून एक मांडलं जाई. रोमन लिपीला तेवढं पुरतं. देवनागरीला नाही पुरत.

उपाय सोपा आहे, फक्त कुणीतरी सांगावा लागतो. इंकस्केप हे चित्रं काढण्याचं मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवतं. तिथे मजकूर लिहायचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने मोफत दिलेले मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट या कामाला छान चालतात. मग मेनूतल्या ‘पाथ’मध्ये जाऊन ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ निवडायचं. त्या क्षणी मजकूर हा मजकूर राहत नाही, त्याच्या बाह्यरेषा होतात, आणि बाह्यरेषा चुकीच्या क्रमाने मांडण्याचा प्रश्न येत नाही. ही फाइल एसव्हीजी म्हणून जपायची, ब्लेंडरमध्ये आयात करायची आणि ‘एक्स्ट्रूड’ करून जाडी द्यायची. आयात केलेली अक्षरं बहुधा मुंगीएवढी दिसतात. पडद्यावर काहीच आलं नाही असं समजून अनेकजण इथेच थांबतात. ती आलेली असतात, मोठी करावी लागतात.

यात अजून एक मेख आहे आणि ती शिरोरेखेमुळे येते. शेजारशेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, म्हणून तर ओळ अखंड दिसते. बाह्यरेषा एकत्र केल्या की जिथे दोन शिरोरेखा एकमेकींवर आल्या असतील तिथे भोकं पडलेली दिसू शकतात. ती टाळायची तर इंकस्केपमध्येच सगळी अक्षरं निवडून ‘युनियन’ करून घ्यायची. जुने डीटीपीवाले आणखी एक वाट सांगतात: कृतिदेवसारखा जुना, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरायचा. त्यात वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं हे सगळे सुटे ठसे रोमन कळांवर बसवलेले असतात आणि टाइप करणारा ते दिसण्याच्या क्रमानेच टाकतो. त्यामुळे सॉफ्टवेअरला लिपी कळली नाही तरी बिघडत नाही. दोन्ही वाटा चालतात. पहिलीत फॉन्टची निवड मोठी आहे, दुसरीत हात बसलेला असेल तर वेळ वाचतो.

हा उपाय कुठल्याही देखण्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात सापडणार नाही. तो एका अडलेल्या माणसाकडून दुसऱ्या अडलेल्या माणसाकडे जातो. हौशी ॲनिमेशनचं बरंचसं ज्ञान असंच हातोहात फिरत आलं आहे, आणि ज्या साधनावर ते चालतं त्या ब्लेंडरचा पुनर्जन्मही लोकांच्या हातभारातूनच झाला. नेदरलँड्समधल्या टॉन रोसेनडाल यांनी आपल्या ॲनिमेशन स्टुडिओच्या अंतर्गत वापरासाठी ते रचलं. पुढे त्यांची कंपनी बंद पडली. तेव्हा 2002 मध्ये त्यांनी वापरणाऱ्यांनाच साद घातली: एक लाख युरो जमले तर गुंतवणूकदारांकडून सॉफ्टवेअर सोडवून सर्वांसाठी खुलं करता येईल. सात आठवड्यांत पैसे जमले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला ब्लेंडर मुक्त परवान्याखाली बाहेर आलं. 2025 च्या मार्चमध्ये लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला. एका मांजराची ही गोष्ट याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये बनली, आणि अंतिम रेंडर, म्हणजे एकेक फ्रेम रंगवून काढण्याचं काम, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर झालं. म्हणजे नाशिकच्या किंवा सोलापूरच्या घरातल्या टेबलावर जे साधन आहे, तेच तिथेही होतं.

नाशिकचं नाव सहज आलेलं नाही. एकेक फ्रेम जोडत बसण्याचं वेड आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या एका माणसापाशी जातं. 1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायला पैसा हवा होता आणि या माणसाला हे जमेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर चालवली तेव्हा कोंब फुटून वेल वर चढताना काही क्षणांत दिसला. ते पाहून कर्ज देणारे पुढे आले, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. 1915 मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. निर्जीव काड्या थोड्या सरकवायच्या, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायच्या.

लंडनला गेल्यावर फाळके कुणाच्या ओळखीची चिठ्ठी घेऊन फिरले नाहीत. मुंबईत ते ‘बायोस्कोप’ नावाचं साप्ताहिक वाचत असत, तर थेट त्याच्या कार्यालयात जाऊन संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्न यांनी आधी या धंद्यातले धोके समजावून सांगितले, मग त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवलं. हेपवर्थ यांनी आपला वॉल्टनचा स्टुडिओ उघडून दाखवला. कुठलीही ओळख नसलेल्या माणसाला कामाची गुपितं दाखवणारे ते दोघे नसते, तर त्या कुंडीतल्या वाटाण्याचं पुढे काय झालं असतं, हे सांगता येत नाही.

फाळक्यांना कॅमेऱ्याची दांडी फिरवावी लागे. आजच्या हौशी माणसाचं काम संगणक करतो, पण हिशोब तोच आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात 24 फ्रेम. दहा सेकंदांची पणती म्हणजे 240 फ्रेम. साध्या संगणकाला एक फ्रेम रंगवायला पाच मिनिटं लागली, तर 1200 मिनिटं, म्हणजे पूर्ण वीस तास. आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी विचारावं की सलग वीस तास वीज राहील अशी खात्री कोण देतो.

नवशिक्याची सर्वांत महागडी चूक इथेच होते. तो थेट व्हिडिओ फाइल रेंडर करायला लावतो. अठराव्या तासाला वीज जाते आणि अर्धवट राहिलेली एमपी-फोर फाइल उघडतच नाही, कारण अशा फाइलचा ताळेबंद काम पूर्ण झाल्यावर लिहिला जातो. अठरा तास वाया. मुरलेले लोक कधीही थेट व्हिडिओ काढत नाहीत. ते पीएनजी चित्रांची माळ काढतात, प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र. वीज गेली तर गेलेली फ्रेम फक्त एक. नंतर ब्लेंडरच्याच व्हिडिओ संपादकात ही माळ ओवली की काही मिनिटांत व्हिडिओ तयार.

त्यातही एक बारकावा आहे. आउटपुटच्या पानावर ‘ओव्हरराइट’ आणि ‘प्लेसहोल्डर्स’ अशा दोन चौकटी असतात. पहिलीतली खूण काढायची, दुसरीत करायची. मग रेंडर पुन्हा सुरू केलं की संगणक आधी झालेल्या फ्रेम ओलांडून राहिलेल्या फ्रेमपासून काम धरतो. याच युक्तीने घरातले दोन संगणक एकाच फोल्डरवर कामाला लावता येतात: ज्या फ्रेमचं काम एकाने हाती घेतलं, तिथे तो रिकामी फाइल ठेवून जागा अडवतो आणि दुसरा पुढची उचलतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तसंच. पण वीज ऐन फ्रेमच्या मध्यात गेली तर तो रुमाल तिथेच राहतो. शून्य आकाराची फाइल फोल्डरमध्ये पडून असते, संगणकाला वाटतं ही फ्रेम झाली, आणि शेवटी व्हिडिओत नेमकी तिथे काळी झपक येते. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी फोल्डर आकारानुसार लावून शून्य बाइटच्या फाइली पुसून टाकायच्या. ही एक ओळ माहीत नसल्याने कित्येकांनी पुन्हा वीस तास घालवले असतील.

मूळ फाइल जपण्याचंही असंच. ब्लेंडर ठरावीक मिनिटांनी आपोआप एक प्रत ठेवत असतं, आणि हाताने सेव्ह केलं की आधीची प्रत नावाच्या शेवटी ‘1’ लावून बाजूला काढतं. तो आकडा काढला की जुनी फाइल परत उघडते. मात्र आपोआप ठेवलेली प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते आणि लिनक्सच्या कित्येक प्रकारांत संगणक पुन्हा चालू झाला की ते फोल्डर रिकामं होतं. वीज गेल्यावर जिची खरी गरज, तीच प्रत नाहीशी. तात्पुरतं फोल्डर कुठे ठेवायचं हे सेटिंगमध्ये बदलता येतं आणि ते पहिल्याच दिवशी बदलावं. हा त्रास फक्त घरगुती माणसांना होतो असंही नाही. 1998 मध्ये पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओत एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी 2’च्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या, आणि राखीव प्रती नीट उतरलेल्या नाहीत हे तेव्हाच कळलं. चित्रपट वाचला तो तिथल्या गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून घरच्या संगणकावर त्यांनी एक प्रत ठेवली होती.

फाइल दुसऱ्याला देताना वेगळाच घोटाळा होतो. शाळेच्या प्रकल्पासाठी एका मुलीने रात्र जागून पंढरीची वाट रंगवली, पेन ड्राइव्हवर घेतली, मैत्रिणीच्या संगणकावर उघडली, आणि सगळे वारकरी भडक गुलाबी! हा गुलाबी रंग म्हणजे ब्लेंडरची हाक आहे: मला चित्र सापडत नाही. धोतराचा पोत, मातीचा फोटो, हे सगळं तिच्या संगणकावरच्या फोल्डरमध्ये राहिलं आणि फाइलसोबत आला तो फक्त त्याचा पत्ता. ‘एक्स्टर्नल डेटा’ या मेनूत ‘पॅक रिसोर्सेस’ निवडून सेव्ह केलं की सगळी चित्रं फाइलच्या पोटात बांधली जातात. फाइल जड होते, पण गुलाबी होत नाही. आणि तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर व्हिडिओ म्हणून पाठवू नये, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि अंधारातल्या उजेडाच्या ज्या छटांसाठी वीस तास दिले, त्यांच्या चौकटी चौकटी होतात.

काही अडचणी मात्र संगणकाहून फार जुन्या आहेत, त्या बाहुल्या करणाऱ्यांनाही भेटलेल्या आहेत. म्हैसूर विद्यापीठाच्या लोककला संग्रहालयात कर्नाटकातल्या तोगलु गोंबेयाटातल्या, म्हणजे चामड्याच्या छायाबाहुल्यांच्या खेळातल्या बाहुल्या पाहायला मिळतात. हा खेळ पिढ्यानपिढ्या करणारे किळ्ळेक्यात लोक घरात मराठीची एक बोली बोलतात, हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या आणि कळसूत्री बाहुल्या, चित्रं दाखवत गोष्ट सांगणारी चित्रकथी हे सगळं जपलं. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गोठ्याचं रूपांतर या कलेच्या संग्रहालयात केलं.

बाहुली करणाऱ्याला जो प्रश्न पडतो, तोच सिनफिगसारख्या द्विमितीय सॉफ्टवेअरमध्ये बसलेल्या मुलाला पडतो. हात खांद्याशी कुठे टाचायचा? नवशिका हात आणि धड अगदी कडेला कड लावून कापतो. हात सरळ असतो तोवर छान दिसतं. तो वर उचलला की खांद्यात फट पडते. उपाय असा: दोन्ही तुकड्यांची टोकं गोल ठेवायची, एकावर एक चढवायची आणि फिरण्याचा बिंदू त्या दोन गोलांच्या बरोबर मध्यावर आणायचा. मग हात कितीही फिरवला तरी वर्तुळ वर्तुळावरच राहतं. सॉफ्टवेअरच्या मदतपुस्तिकेत हे शोधण्यापेक्षा एखादी सांध्याची बाहुली हातात घेऊन बघितली तर मिनिटभरात कळतं.

इतकं सगळं माहीत असूनही माणूस अडतोच. मग तो कुणालातरी विचारतो, आणि बहुतेक वेळा असं विचारतो: “ब्लेंडर चालत नाही, काय करू?” सोबत मोबाइलने काढलेला पडद्याचा तिरपा फोटो. समोरच्याची इच्छा असूनही त्याला मदत करता येत नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं “बरं वाटत नाही” म्हणण्यासारखं आहे हे. कुठली आवृत्ती, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड कुठलं, नेमकं काय केल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, एवढं लिहिलं तर अर्धी चौकशी संपते. ही माहिती हाताने गोळा करायचीही गरज नाही. ‘हेल्प’ मेनूत ‘सेव्ह सिस्टिम इन्फो’ आहे, तो सगळं एका मजकुराच्या फाइलमध्ये काढून देतो.

त्याआधी स्वतः करायच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, ‘लोड फॅक्टरी सेटिंग्ज’ करून तोच त्रास पुन्हा होतो का ते पाहायचं. नाही झाला तर दोष आपण बदललेल्या एखाद्या सेटिंगचा किंवा वरून जोडलेल्या ॲड-ऑनचा. दुसरी जास्त मोलाची: फाइलची नक्कल करून तिच्यातून एकेक वस्तू काढत जायची आणि दर वेळी दोष अजून दिसतो का बघायचं. झाडं काढली, दोष आहे. देऊळ काढलं, दोष आहे. पणती काढली, दोष गेला. मग पणतीतच काहीतरी आहे. बहुतेकांना याच टप्प्यावर उत्तर सापडतं: पणतीचा एक पृष्ठभाग उलटा फिरलेला असतो, म्हणून ती आतून उजळते आणि बाहेरून काळी दिसते. ‘एडिट मोड’मध्ये सगळं निवडून शिफ्ट आणि एन दाबलं की पृष्ठभाग बाहेर तोंड करतात. उत्तर नाही सापडलं तरी आता हातात एवढीशी फाइल उरलेली असते, जी बघायला कुणीही पाच मिनिटं देईल.

उत्तर मिळाल्यावर ते पुढे सांगण्याची रीत तितकीच महत्त्वाची. “शिफ्ट एन दाब” एवढंच सांगितलं तर समोरच्याचं आजचं काम होतं, पण पुढच्या वेळी पणतीऐवजी कंदील काळा पडला की तो पुन्हा विचारायला येतो. का झालं हे त्यासोबत आलं तर येत नाही. आणि आवृत्ती सांगणं कधीही विसरू नये. ब्लेंडरमध्ये 2019 पर्यंत वस्तू निवडायला माउसची उजवी कळ दाबावी लागे. त्या वर्षीच्या जुलैत आलेल्या 2.80 या आवृत्तीने ती डावी केली, पडद्याची मांडणीही बदलली. जुन्या धड्यातलं “उजवं क्लिक करा” वाचून आजचा विद्यार्थी उजवं क्लिक करतो, समोर भलतीच यादी उघडते, आणि तो समजतो आपल्यालाच जमत नाही.

मराठीत शिकणाऱ्याला हे विशेष भोवतं, कारण मराठीतले चांगले धडे थोडे आहेत आणि त्यांतले काही जुने आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत. पडद्यावर इंग्रजी मेनू आणि कानात आपली भाषा, मराठीसह अनेक भारतीय भाषा. ब्लेंडरचे धडेही त्यात आहेत, पण ते 2.59 या आवृत्तीवर बेतलेले. तरीही या प्रकल्पाची एक पद्धत हौशी मंडळींनी उचलावी अशी आहे. धडा ध्वनिमुद्रित करण्याआधी त्याची संहिता अशा माणसाकडे देतात, ज्याला ते सॉफ्टवेअर अजिबात येत नाही. तो ती वाचत वाचत प्रत्येक पायरी करून पाहतो. तो जिथे अडतो, तिथे लिहिणारा एक पायरी गाळून गेलेला असतो. जाणकाराच्या हाताला जे सवयीने घडतं ते त्याच्या लक्षातही येत नाही, नवख्याला मात्र ती गाळलेली पायरीच भिंत वाटते. इंकस्केपमधून आलेली अक्षरं मुंगीएवढी असतात, हे वाक्य असं कुणीतरी अडल्यावरच टिपणात येतं.

जुन्या धड्यांवर एक व्यवहारी तोडही आहे. ब्लेंडरच्या मागच्या सगळ्या आवृत्त्या अजून मोफत उतरवता येतात, आणि झिप फाइल उलगडून ठेवली की काही प्रस्थापित न करता चालतात. एकाच संगणकावर जुनी आणि नवी अशा दोन्ही सुखाने राहतात. धडा ज्या आवृत्तीचा, ती उघडायची, पडद्याच्या अर्ध्या भागात धडा आणि अर्ध्यात ब्लेंडर ठेवायचं. तो संपला की तीच पणती नव्या आवृत्तीत पुन्हा करून बघायची आणि कुठली कळ कुठे गेली ते वहीच्या दोन रकान्यांत लिहून ठेवायचं, डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. एवढंच सांभाळायचं की नव्यात केलेली फाइल जुन्यात उघडायला जायचं नाही. त्या वहीचा फोटो मात्र तिरपा चालेल.